वाचकांचे प्रश्न : काँगोतले सूटवाले, रबर आणि रुंबा

मागच्या अंकात काँगोच्या रुंबा संगीतावर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं, तर त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी 'आफ्रिका हा देश' असं लिहिलंय त्यांना काही बोलत नाही, एवढंच की खंड आहे तो, पन्नासच्या वर देश आहेत त्यात.

प्रश्न : ताई, नकाशात दोन काँगो दिसतात. तुम्ही कुठल्याबद्दल लिहिलंत?

मोठ्या. राजधानी किन्शासा, आधी बेल्जियमच्या ताब्यात होता तो. समोर नदीपलीकडे ब्राझाव्हिल, ती छोट्या काँगोची राजधानी, तिथे फ्रेंच होते. दोन राजधान्या एकमेकींना दिसतात, मधे फक्त काँगो नदी. संगीत आणि कपड्यांचा शौक दोन्हीकडे सारखाच आहे आणि सुरुवात कुणी केली यावरून दोघांचं कायम वाजतं.

प्रश्न : एक व्हिडिओ पाहिला, चिखलाच्या गल्लीतून गुलाबी सूट, हॅट, तोंडात पाइप अशा थाटात माणसं चालतायत. गरिबी एवढी असताना हे कशाला? मला तर रागच आला.

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि राग जवळपास सगळ्यांनाच आलाय. मलाही पहिल्यांदा आला होता, खोटं कशाला बोलू.

त्यांना सापर म्हणतात. 'साप' हे फ्रेंच नावाचं छोटं रूप, अर्थ साधारण 'वातावरण रंगवणाऱ्या आणि देखण्या लोकांची मंडळी'. दिवसभर टॅक्सी चालवणारा, गवंडीकाम करणारा माणूस रविवारी असा सूट घालून बाहेर पडतो की बघत राहावं. नियमही आहेत, अंगावर तीनपेक्षा जास्त रंग नकोत, चालायची ढब हवी, बोलणं सभ्य हवं, भांडण तर अजिबात नको. बूट पॅरिसचे असले तर तळवा दाखवायला पाय उचलतात. पैसे उधारीचे असतात, कधी सूटसुद्धा मित्राचा असतो, हे सगळं खरंय.

पण हे आलं कुठून ते बघा. गोऱ्या साहेबाच्या घरी काम करणाऱ्या पोऱ्यांना पगाराऐवजी किंवा पगारासोबत साहेबाचे जुने कपडे मिळायचे. पुढे पुढे ते म्हणायला लागले उतरलेले नकोत, नवे घेऊ, आणि तुमच्यापेक्षा चांगले घालून दाखवू. दुसरीकडे बेल्जियमचं सरकार काय करत होतं, तर 'सुधारलेला' काळा माणूस कोण हे ठरवायला कार्ड काढलं होतं. अर्ज करायचा, मग अधिकारी घरी येऊन बघणार की हा काट्याचमच्याने जेवतो का, फ्रेंच नीट बोलतो का, बायकोशी कसा वागतो, घर स्वच्छ आहे का. एवढं करून कार्ड मिळालेले अगदी मोजके. लुमुंबा, जो पुढे पहिला पंतप्रधान झाला, त्यालासुद्धा या सगळ्यातून जावं लागलं होतं. स्वतःच्या देशात माणूस म्हणून पास व्हायचं आणि परीक्षक तुमच्या स्वयंपाकघरात उभा!

मग गंमत बघा, स्वातंत्र्य आलं, काही वर्षांनी हुकूमशहा मोबुतू आला आणि त्याने सूट-टायवरच बंदी आणली. हे परकं आहे, आपण अस्सल आफ्रिकन व्हायचं, म्हणून बंद कॉलरचा एक कोट काढला, नाव 'अबाकोस्त', म्हणजे फ्रेंचमध्ये 'सूट मुर्दाबाद'चंच जोडून केलेलं रूप. ऑफिसात तोच घालायचा. म्हणजे आजोबाला सूट घालायची लायकी नाही म्हणून सांगितलं आणि नातवाला सूट घालशील तर देशद्रोही म्हणून सांगितलं. अशा वेळी गायक पापा वेंबा आणि त्याच्यामागची किन्शासाच्या मातोंगे वस्तीतली पोरं इटालियन, जपानी डिझायनरचे कपडे घालून स्टेजवर आणि रस्त्यावर यायला लागली. मोबुतूला तोंडावर कुणी बोलू शकत नव्हतं, पण पँटीची क्रीझ तर कुणी पकडून आत टाकत नाही ना! पापा वेंबा २०१६ मध्ये आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला स्टेजवर गातागाताच कोसळला आणि गेला.

सगळे सापर क्रांतिकारक आहेत असं मी म्हणत नाहीये, बऱ्याच जणांना निव्वळ मिरवायचं असतं आणि घरच्या बाईला त्याचा ताप होतो हेही आहेच. फक्त 'गरिबाने कसे कपडे घालावेत' हे ठरवणारे आपण तिसरे नको, एवढंच.

प्रश्न : बेल्जियम एवढासा, त्याने एवढा मोठा देश गिळला कसा? आणि हात तोडायचे ही गोष्ट खरी की वाढवून सांगितलेली?

खरी आहे. आणि गिळला बेल्जियमने नव्हे, एका माणसाने. राजा लिओपोल्ड दुसरा. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या वेळी त्याने युरोपातल्या बड्या देशांना पटवलं की मी तिथे गुलामांचा व्यापार बंद करणार, धर्मकार्य करणार, सगळ्यांना व्यापार खुला ठेवणार, आणि बेल्जियमच्या ७५ पट मोठा मुलूख स्वतःच्या खाजगी नावावर करून घेतला. देशाच्या नाही हं, स्वतःच्या. वर नाव काय, 'काँगो स्वतंत्र राज्य'! आणि हा गृहस्थ उभ्या आयुष्यात एकदाही तिथे गेला नाही.

आधी हस्तिदंत होतं. मग १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर काढला, सायकली आल्या, मोटारी आल्या आणि रबराला सोन्याचा भाव आला. काँगोच्या जंगलात रबराच्या रानवेली होत्या, लागवड करायची गरजच नाही, फक्त माणसं हवी होती. माणूस जंगलात जाऊन वेल कापायचा, चीक गोळा करायचा, तो घट्ट व्हावा म्हणून कित्येकदा स्वतःच्या अंगालाच फासायचा आणि वाळल्यावर ओरबाडून काढायचा, त्याच्याबरोबर अंगावरचे केसही निघायचे. तो जंगलातून ठरलेलं वजन घेऊन येईपर्यंत बायकोला डांबून ठेवायचे. वजन कमी भरलं तर पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक, नाव शिकोत.

हातांचं असं होतं की सैनिकांना काडतुसं मोजून दिलेली. काडतूस उडवलं तर माणूस मारल्याचा पुरावा आण, पुरावा म्हणजे उजवा हात. मग एखाद्याने शिकारीत काडतूस घालवलं की हिशोब जुळवायला जिवंत माणसाचा हात. ते हात सडू नयेत म्हणून धुरावर धरायचे. १९०४ मध्ये ॲलिस हॅरिस या इंग्रज मिशनरी बाईने एक फोटो काढला, न्साला नावाचा बाप ओट्यावर बसलाय आणि समोर ठेवलेल्या, आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या हाताकडे आणि पावलाकडे बघतोय. रडत वगैरे नाहीये, नुसता बघतोय. तो फोटो सभांमधून पडद्यावर दाखवला गेला आणि युरोप-अमेरिकेत लोक हादरले.

त्याही आधी एका कारकुनाने हे कागदावरूनच ओळखलं होतं, ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. एडमंड मोरेल, लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत नोकरीला. अँटवर्पच्या बंदरात त्याच्या लक्षात आलं की काँगोहून जहाजं रबर आणि हस्तिदंताने भरून येतायत आणि परत जाताना मुख्यतः बंदुका आणि दारूगोळा घेऊन जातायत. व्यापार म्हणायचा तर मोबदल्यात माल जायला हवा ना! म्हणजे तिकडे फुकट राबवून घेतायत. नोकरी सोडून त्याने मोहीम उघडली. काँगोतला ब्रिटिश सरकारचा वाणिज्यदूत केसमेंट याचा अहवाल आला, दबाव वाढला आणि १९०८ मध्ये राजाला काँगो बेल्जियम सरकारकडे द्यावा लागला. देण्याआधी त्याच्या कचेरीतली कागदपत्रं आठ दिवस भट्टीत जळत होती.

एकूण किती मेले? एक कोटीपर्यंत अंदाज सांगतात, पण जनगणनाच नव्हती, त्यामुळे आकड्यावर इतिहासकार अजून भांडतात. आणि तो पैसा कुठे गेला हे ज्यांनी विचारलंय त्यांना, ब्रसेल्सच्या सॅनकॉन्तनेर बागेतली तीन कमानींची भव्य वेस आहे ना, टूरिस्ट जिच्यासमोर सेल्फी काढतात, ती त्याच पैशाची.

प्रश्न : टिनटिनचं काँगोवालं पुस्तक मुलाला द्यावं का?

द्या, पण शेजारी बसून वाचा. १९३० च्या सुमारास आलेलं आहे ते, टिनटिनच्या चित्रकथा काढणारा बेल्जियन चित्रकार एर्जे तेव्हा काँगोला गेलेलाही नव्हता, आणि काळी माणसं जाड ओठांची, बावळट, लहान पोरांसारखी दाखवलीत. पहिल्या आवृत्तीत टिनटिन शाळेत पोरांना शिकवतो, आज आपण तुमच्या देशाबद्दल म्हणजे बेल्जियमबद्दल बोलू! १९४६ च्या रंगीत आवृत्तीत ते पान बदलून गणिताचा तास केला. त्यावर बंदी आणावी म्हणून काँगोहून आलेल्या एकाने बेल्जियमच्या कोर्टात केस टाकली होती, २०१२ मध्ये ती फेटाळली. आणि विरोधाभास असा की खुद्द किन्शासात कारागीर याच टिनटिनचे लाकडी पुतळे कोरून टूरिस्टांना विकतात. पोटाचा प्रश्न आहे, त्यांना काय बोलणार.

प्रश्न : रुंबा तर क्यूबाचा ना? मग काँगोचा कसा?

दोघांचा. शेकडो वर्षांपूर्वी या भागातून गुलाम म्हणून जहाजात कोंबून लोक क्यूबाला नेले, त्यांच्याबरोबर ताल गेले. काँगोवाले तर सांगतात की रुंबा हा शब्दच 'न्कुंबा'वरून आला, न्कुंबा म्हणजे बेंबी, त्या नाचात जोडीची बेंबी बेंबीला लागते. १९३० नंतर क्यूबाच्या गाण्यांच्या ग्रामोफोन तबकड्या काँगोच्या बंदरांत आल्या आणि लोकांना वाटलं अरे हे तर आपलंच! सुरुवातीला पठ्ठे स्पॅनिश न कळता नुसतं ऐकून स्पॅनिशसारखं गायचे. मग लिंगाला भाषेत गायला लागले, गिटार हाती आली आणि काहीतरी तिसरंच तयार झालं. १९४८ मध्ये वेंडो कोलोसॉयचं 'मारी-लुईझ' एवढं गाजलं की मध्यरात्री लावलं तर मेलेली माणसं उठतात अशी अफवा पसरली आणि पाद्री लोक खवळले. २०२१ मध्ये युनेस्कोने काँगो रुंबाला वारशाच्या यादीत घेतलं, दोन्ही काँगोंच्या नावावर.

आणि राजकारण बघायचं तर 'एंदेपान्दान्स चा चा' ऐका. जानेवारी १९६० मध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटींना काँगोचे पुढारी ब्रसेल्सला गेले, त्यांच्याबरोबर चक्क बँड गेला, जोसेफ काबासेले आणि त्याचं आफ्रिकन जाझ. तारीख ठरली, ३० जून, आणि तिथेच हे गाणं तयार झालं. त्यात पुढाऱ्यांची आणि पक्षांची नावं एकामागून एक येतात, हजेरी घेतल्यासारखी, वर चा-चा-चाचा ठेका. स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या अख्ख्या आफ्रिकेत ते रेडिओवर वाजलं. समारंभाच्या आदल्या दिवशी बेल्जियमचा राजा बोदुआँ उघड्या मोटारीतून चालला होता, गर्दीतून एकजण आला आणि त्याची तलवारच पळवली. फोटो आहे त्याचा, तलवार उंच धरून धावणारा तो माणूस कोट-टायमध्ये आहे!

पुढचं फार वाईट झालं. सात महिन्यांच्या आत लुमुंबाला पकडून कटांगा प्रांतात नेलं आणि १७ जानेवारी १९६१ ला गोळ्या घातल्या. प्रेत ॲसिडमध्ये विरघळवणाऱ्या बेल्जियन पोलिसाने त्याचा दात आठवण म्हणून घरी नेला होता. त्यावर सोन्याची कॅप होती. तो दात बेल्जियमने लुमुंबाच्या मुलांकडे परत कधी दिला, तर जून २०२२ मध्ये. देशात शवपेटी फिरली, आत एक दात.

प्रश्न : मुहम्मद अलीची मॅच तिथेच झाली ना? आणि फ्री किकच्या आधीच बॉल मारणारा खेळाडूही तिथलाच का?

हो, दोन्ही १९७४ मधलं, तेव्हा देशाचं नाव झाईर होतं. मोबुतूला जगात नाव करायचं होतं, म्हणून अली आणि त्याचा प्रतिस्पर्धी बॉक्सर फोरमन यांना प्रत्येकी ५० लाख डॉलर कबूल केले. मॅच ३० ऑक्टोबरला, अमेरिकेत टीव्हीवर नीट दिसावी म्हणून पहाटे ४ वाजता. फोरमन आपला अल्सेशियन कुत्रा घेऊन उतरला, आणि लोकांना आठवले बेल्जियन पोलिसांचे कुत्रे! तिथेच तो अर्धा हरला. 'अली बोमा ये', म्हणजे अली मार त्याला, हे लिंगालातलं आहे. आठव्या राउंडला फोरमन आडवा.

फुटबॉलचं मात्र हसण्यासारखं नाहीये. त्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये झाईर युगोस्लाव्हियाकडून ९-० ने हरलं. मग ब्राझीलच्या फ्री किकला म्वेपू इलुंगा भिंतीतून सुटला आणि त्यानेच बॉल लांब टोलवला. यांना नियम माहीत नाहीत म्हणून जग वर्षानुवर्षं हसलं. त्याने नंतर सांगितलं की नियम चांगले माहीत होते, पण मोबुतूच्या माणसांनी धमकी दिली होती, मोठ्या फरकाने हरलात तर घरी परत येऊ नका. मॅच ३-० वर संपली.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू?

काँगोचा गिटारवादक फ्रँको आणि त्याच्या ओके जाझ बँडपासून. फक्त एक करा, गाणं मधेच बंद करू नका. पहिली काही मिनिटं संथ जातात, कुणीतरी तक्रार करतोय असं वाटतं, मग गायक गप्प होतात आणि गिटारी पळायला लागतात, त्या भागाला सेबेन म्हणतात, नाचायला उठायचं ते तेव्हा.