केम्निट्झ, डब्लिन की टोरांटो : राहण्याचा खर्च कसा मांडायचा?

मुलुंडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतलं केम्निट्झ, आयर्लंडमधलं डब्लिन आणि कॅनडातलं टोरांटो अशा तीन जागा घरात चर्चेत आहेत. जर्मनी आणि कॅनडाचे कोर्स दोन वर्षांचे, डब्लिनचा एक वर्षाचा. वडिलांनी वहीत दूध, ब्रेड, अंडी, तांदूळ, रेल्वे-बसचा पास आणि मोबाइल रिचार्ज यांचे तिन्हीकडचे भाव रुपयांत लिहून काढले आहेत. ते विचारतात : ‘व्हिसासाठी आयर्लंडला १०,००० युरो दाखवावे लागतात आणि जर्मनीला ११,९०४. म्हणजे आयर्लंडच स्वस्त ना? आणि राहण्याचा खर्च मुलगा काम करून काढेल ना?’

नमस्कार,

वही तुम्ही मन लावून केली आहे, तेव्हा ती टाकून देऊ नका. फक्त तिच्यात दोन वेगळे हिशेब एकत्र आले आहेत, ते आधी सुटे करू. मुलगा शिकत असेल तोवर पैसे तुमच्या खात्यातून किंवा कर्जातून, म्हणजे रुपयांतून जाणार. तेवढ्या काळापुरतं युरोचे रुपये करून बघणं बरोबरच आहे. नोकरी लागली की तो युरोत कमावेल आणि युरोतच खर्च करेल. तेव्हा ‘केस कापायला २,५०० रुपये!’ म्हणून दचकण्यात अर्थ नाही. तेव्हा मोजायचं ते एवढंच, की त्या वस्तूसाठी तिथे किती तास काम करावं लागतं. बहुतेक घरांत पहिल्या काळाची भीती दुसऱ्या काळाला लावतात, किंवा दुसऱ्या काळाच्या पगाराचे आकडे पाहून पहिल्या काळाचं कर्ज काढतात. दुसरी चूक जास्त महागात पडते.

पुढच्या हिशेबात सोयीसाठी १ युरो म्हणजे १०० रुपये धरतो. तुम्ही बँकेचा त्या दिवसाचा दर घाला.

तुमच्या वहीतल्या सहापैकी चार ओळी किराणा-दुधाच्या आहेत. ते भाव देशादेशांत फारसे लांब जात नाहीत, कारण दूध, पीठ, अंडी यंत्रांवर आणि मोठ्या प्रमाणावर तयार होतात. जर्मनीत आल्डी किंवा लिडल या स्वस्त सुपरमार्केटमध्ये लिटरभर दूध एक युरोच्या आसपास मिळतं, आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाहून फार वेगळं नाही. खरा फरक पडतो तो माणसाचा वेळ विकत घ्यावा लागतो तिथे. जर्मनीत १ जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. लिटरभर दूध म्हणजे पाच मिनिटांचं काम, पण २५ युरोंचा हेअरकट म्हणजे जवळजवळ दोन तासांचं. कारण कापणाऱ्याचा वेळही त्याच दराने मोजला जातो. मुलुंडच्या घरात पोळ्यांच्या मावशी, इस्त्रीवाला, फोन केला की घरपोच येणारा किराणा यांचा खर्च इतका थोडा असतो की तो तुमच्या वहीत आलाच नाही. तिथे ही सगळी कामं मुलाच्या वेळातून निघतील. म्हणून खर्चाच्या वहीत ‘आठवड्याचे आठ-दहा तास घरकाम’ अशीही एक ओळ घाला. अभ्यास आणि नोकरी यांच्या तासांतूनच ते वजा होतात.

आता भाड्याकडे येऊ, कारण सगळं गणित तिथेच ठरतं. ‘जर्मनी स्वस्त का?’ हा प्रश्न ‘मुंबई स्वस्त का?’ असाच आहे. दादरची खोली आणि टिटवाळ्याची खोली यांना एकच उत्तर कसं देणार? इंटरनेटवर देशांच्या महागाईची जी क्रमवारी दिसते, तिचाही इथेच घोटाळा होतो. नंबेओ या संकेतस्थळाचा नेहमी दाखवला जाणारा निर्देशांक न्यूयॉर्कला १०० धरतो आणि त्यात घरभाडं धरलेलंच नसतं. विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा खर्च गाळून काढलेला आकडा विद्यार्थ्याच्या काय कामाचा?

व्हिसाच्या रकमेचंही तसंच. ती सरकारने देशभरासाठी ठरवलेली किमान अट आहे, शहराचं बजेट नव्हे. आयर्लंडचे १०,००० युरो १२ महिन्यांत वाटले तर महिन्याला ८३३ येतात, आणि डब्लिनमध्ये एकट्याची खोली हजार युरोंच्या खाली मिळवायला बरीच धावपळ करावी लागते. म्हणजे दाखवलेली रक्कम भाड्यालाही पुरत नाही. जर्मनीचे ११,९०४ महिन्याला ९९२ होतात. त्यात म्युनिकमध्ये शेअर फ्लॅटमधली खोली ८०० युरोंना घेतली आणि विद्यार्थी आरोग्यविम्याचे सुमारे १४८ भरले, की हातात ४४ युरो उरतात. महिनाभर जेवायचं कशावर? केम्निट्झमध्ये तीच रक्कम पुरते.

केम्निट्झचा एक महिना असा मांडता येईल. वसतिगृहाची किंवा शेअर फ्लॅटमधली खोली ३००, विमा १४८, घरी रांधून जेवण २१०, मोबाइल १२. सेमिस्टरची वर्गणी ३०० ते ३५० धरा, म्हणजे महिन्याला ५५; प्रवासाचं तिकीट त्यात धरलेलं आहे का, ते विद्यापीठाच्या पानावर पाहून घ्या. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी एका फ्लॅटला १८.३६ युरो असते, माणशी नव्हे. तिघे राहत असतील तर वाट्याला सहा येतात. फ्लॅटमध्ये कुणाच्या नावावर आधीच भरली जाते हे मात्र विचारून घ्यावं, नाहीतर मुलाच्या नावाने वेगळी मागणी येते. कपडे, औषध, अडीअडचण ८०. एकूण सुमारे ८११ युरो.

भाडं वाचताना एक शब्द पाहायचा. ‘काल्टमीट’ म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, ‘वार्ममीट’ म्हणजे हीटिंग आणि पाणी धरून. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा काल्ट असतं. वीज आणि इंटरनेट अनेकदा वार्ममध्येही नसतं. रिकामा फ्लॅट घेतला तर ओटा, सिंक, शेगडी काहीच नसण्याची शक्यता असते, कारण जुना भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

सर्वांत जास्त मुलं अडकतात ती पहिल्या सहा आठवड्यांत, आणि त्याचं कारण साधं आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे जर्मन व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या खात्यात, सगळे ११,९०४ युरो असले तरी महिन्याला ९९२ च सुटतात. तेही पत्ता नोंदवून, तिथलं चालू खातं उघडून, मग. घरमालक मात्र कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटपर्यंत डिपॉझिट मागू शकतो. खोलीचं काल्ट २५० असेल तर डिपॉझिट ७५०, पहिलं भाडं ३००, सेमिस्टरची वर्गणी ३५०, गादी-भांडी-रजई दीडशे, आणि खातं चालू होईपर्यंत खायला काही. हे १,८०० च्या आसपास जातं. ही रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डवर हवी. कर्जाचा अर्ज भरताना ती ‘आनुषंगिक खर्च’ म्हणून सुरुवातीलाच मागा. मंजुरी झाल्यावर बँकेला वाढवून मागणं जड जातं.

आता डब्लिन. महिना महाग आहे, यात वाद नाही. खोली १,०००, जेवण २६०, बस-ट्रॅम ४५, मोबाइल आणि विमा मिळून ३०, रहिवासी कार्डाचे वर्षाला ३०० म्हणजे महिन्याला २५, वीज-हीटिंग आणि किरकोळ १५०. म्हणजे १,५०० च्या वर. पण तुमचा डब्लिनचा कोर्स १२ महिन्यांचा आहे आणि केम्निट्झचा २४ महिन्यांचा. राहण्याचा खर्च डब्लिनमध्ये १,५१० गुणिले १२, म्हणजे १८,१२० युरो. केम्निट्झमध्ये ८११ गुणिले २४, म्हणजे १९,४६४ युरो. महिन्याकाठी जवळपास दुप्पट महाग असलेलं शहर शेवटी थोडं स्वस्तच पडलं. तेव्हा तुमच्या निर्णयात राहण्याचा खर्च निर्णायक नाहीच. निर्णायक आहे डब्लिनची फी, आणि तिच्या विरुद्ध बाजूला मुलगा एक वर्ष आधी कमावता होणं. त्या वर्षाचा पगार धरून आणि न धरून, असे दोन्ही हिशेब करून पाहा. फक्त लक्षात घ्या, तो पगार मिळेलच असं नसतं, फी मात्र भरावीच लागते. तुमच्या कर्जाची मर्यादा २५ लाख आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यात माझं मत केम्निट्झकडे झुकतं, पण प्रवेशपत्रावर फीबद्दल काय लिहिलं आहे ते वाचल्यावरच. ‘जर्मनीत फी नाही’ हे सगळीकडे खरं नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठही आता फी आकारतं.

टोरांटोबद्दल थोडक्यात. कॅनडाची व्हिसाची अट १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहे, म्हणजे महिन्याला सुमारे १,९०८. खोलीला हजाराच्या आसपास धरा. वहीतले तिथले भाव मात्र दुरुस्त करा. फळीवरच्या किमतीत कर नसतो, गल्ल्यावर १३ टक्के वाढतो. दूध, पीठ, भाज्यांना तो लागत नाही. मोबाइल, साबण, हॉटेलचं जेवण यांना लागतो. जर्मनी-आयर्लंडमध्ये लिहिलेली किंमत करासहित असते. (जर्मनीत एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनमधल्या पेयांवर २५ सेंट डिपॉझिट वेगळं लागतं, रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की परत मिळतं.) उद्या ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा विचार केलात तर तिथे भाडं आठवड्याचं सांगतात. २०० पौंडांना ४ ने गुणून ८०० लिहू नका. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे महिन्याचे ८६७ होतात. त्या चुकीत वर्षाला ८०० पौंड निसटतात.

काम करून खर्च निघेल का? पहिल्या सेमिस्टरला उत्पन्न शून्य धरा. पुढे जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम त्या मोजणीत येत नाही, म्हणून ते आधी शोधावं. २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरोंपर्यंतच्या मिनीजॉबवर, म्हणजे छोट्या अर्धवेळ नोकरीवर, कपात जवळपास नसते. तेवढे मिळवायला महिन्याला ४३ तास पुरतात. भाडं, विमा आणि थोडा किराणा त्यातून निघेल, सगळा खर्च नाही. केम्निट्झसारख्या शहरात दुकानात किंवा गोदामात काम मिळायला जर्मन बोलता यावं लागतं. इथे असतानाच जर्मनच्या बी१ या मध्यम पातळीपर्यंत गेला तर क्लासचा खर्च आपोआप वसूल होतो. आयर्लंडमध्ये सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, सुट्टीच्या ठरावीक महिन्यांत ४०. कॅनडात आठवड्याला २४.

रुपयासाठी वेगळी गंगाजळी ठेवा. २०२५ च्या सुरुवातीला युरो ९० रुपयांच्या आसपास होता, त्याच वर्षी तो शंभरी ओलांडून गेला. दुसऱ्या वर्षाच्या पैशांत दहा टक्के जास्त धरणं शहाणपणाचं. कर्जातून पाठवलेल्या पैशांवर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, लागत नाही. स्वतःच्या पैशांतून पाठवले तर वर्षाला १० लाखांच्या वर लागतो, तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकून पडतो.

सामानाबद्दल आईंना सांगा : युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे, म्हणून तूप, पेढे, खवा बॅगेत नको. ओला कढीपत्ताही नको. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोरडी चटणी आणि लहान कुकर चालतो. मसूर, छोले, गव्हाचं पीठ तिथल्या साध्या दुकानात मिळतं, तूरडाळ भारतीय दुकानात महाग मिळते. रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनवरच्या दुकानात भाव चढे असतात. शनिवारी बाजार करायची सवय लावून घ्यावी लागेल.

केम्निट्झ ठरलं तर वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हातात पडेल त्याच दिवशी भरा. तिथे विद्यापीठ नव्हे, ‘श्टुडेंटनवेर्क’ नावाची वेगळी संस्था खोल्या देते. प्रवेश मिळाला म्हणून खोली मिळत नाही. महिनाभर थांबलात, तर तीनशे युरोंची खोली जाऊन खाजगी मालकाची जास्त भाड्याची खोली पदरात पडते आणि वरचं सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.