वारशाने आलेली दुनळी बंदूक

प्रश्न : वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली आहे. मला शिकारीची किंवा नेमबाजीची आवड नाही. बंदूक कपाटात कुलूपबंद असून मी तिला हातही लावत नाही. एवढी काळजी पुरेशी आहे, असे मला वाटते. पत्नीला मात्र ते पटत नाही. आपले मत काय?

उत्तर : आपल्या पत्नींची शंका रास्त आहे. कुलूप हवेच, पण नळीत काडतूस आहे की नाही हे आपण अद्याप स्वतः पाहिलेले नाही, असे पत्रावरून दिसते, आणि जोवर ते पाहिलेले नाही तोवर बंदूक भरलेलीच आहे असे धरून चालले पाहिजे. जेफ कूपर या अमेरिकी प्रशिक्षकाने रूढ केलेल्या चार नियमांपैकी हा पहिला. जे उद्ध्वस्त करायचे नाही त्यावर नळी रोखायची नाही, नेम धरेपर्यंत चापावर बोट ठेवायचे नाही आणि लक्ष्याच्या मागे काय आहे हे जाणल्याशिवाय बार काढायचा नाही, हे उरलेले तीन.

पहिली तपासणी एखाद्या जाणकार कारागिराच्या किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच करावी. दुनळीचा वरचा खटका अंगठ्याने बाजूला सारला की नळ्या बिजागरीवर खाली झुकतात आणि काडतुसांची दोन्ही घरे उघडी पडतात. ती नुसती पाहू नयेत, बोटाने चाचपावीत. मग नळ्या उजेडाकडे धरून आरपार दिसते का तेही पाहावे. अनेक वर्षे पडून राहिलेल्या नळीत एखाद्या किड्याचे घर किंवा सफाईच्या चिंधीचा तुकडा अडकलेला असू शकतो, आणि तेवढ्या अडथळ्यानेही बार काढताना नळी फुटू शकते.

वडिलांनी ठेवलेली काडतुसे असतील तर त्यांकडे विशेष लक्ष द्यावे. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरपेक्षा बारीक असते. ते चुकून बारा बोअरच्या नळीत गेले तर काडतुसाच्या घरात न थांबता थोडे पुढे सरकून अडकते. मागून पाहणाऱ्याला घर रिकामे वाटते, तो वर बारा बोअरचे काडतूस भरतो, आणि बार उडताच नळी हाताजवळच फाटते. वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची प्रथा पडली ती याच धोक्यामुळे. हे माहीत नसलेला माणूस कितीही घाबरून वागला तरी त्याचे घाबरणे इथे कामाला येत नाही. जुने काडतूस चाप ओढूनही उडाले नाही तर बंदूक लगेच उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान 30 सेकंद थांबावे, कारण बार उशिरा उडण्याची शक्यता असते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा बार न काढता बंदूक रिकामी करून नळी तपासावी.

सेफ्टीच्या खटक्यावरही फार विसंबू नये. अनेक दुनळी बंदुकांत तो केवळ चाप अडवतो, आतले घोडे, म्हणजे काडतूस उडवणारे आघाताचे भाग, नव्हे. त्यामुळे भरलेली बंदूक जोरात आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. म्हणूनच कुंपण ओलांडताना किंवा गाडीत ठेवताना जाणकार माणूस बंदूक आधी रिकामी करतो. बंदूक फारच जुनी असून नळ्यांवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसत असेल, तर ती पट्ट्या पिळून घडवलेली, जुन्या काळ्या स्फोटक दारूच्या जमान्यातली नळी असण्याचा संभव आहे. कारागिराने निर्वाळा दिल्याशिवाय तिच्यात आजची काडतुसे भरू नयेत.

एवढे शिकण्याची इच्छा नसेल तर त्यात कमीपणा नाही. अशा वेळी कायदेशीर मार्गाने बंदूक विकावी किंवा जमा करावी. वडिलांची आठवण म्हणून न समजणारे हत्यार घरात ठेवणे मला तरी योग्य वाटत नाही.

प्रश्न : मुलांना बंदुकीविषयी काही सांगूच नये, म्हणजे त्यांचे कुतूहल वाढणार नाही, हे खरे का?

उत्तर : नाही. मोठ्यांनी लपवलेल्या जागा मुलांना बहुधा ठाऊक असतात. बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचे आणि मोठ्या माणसाला सांगायचे, एवढे त्यांना स्पष्ट शब्दांत आणि पुनःपुन्हा सांगावे. मात्र त्यावर निर्धास्त होऊ नये. असे शिक्षण मिळालेली मुलेही खरी बंदूक सापडल्यावर ती हाताळतात, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून बंदूक रिकामी करून एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. दोन्ही किल्ल्या ज्याच्या नावे बंदूक आहे त्याच्याच ताब्यात असाव्यात, दाराच्या खिळ्यावर किंवा टेबलाच्या खणात नव्हे.