लाटव्हियाची राजधानी रीगामध्ये एकच दिवस आहे. आर्ट नुव्हो (१९०० च्या सुमाराची, वळणदार नक्षीची शैली) इमारती पाहायला गाइड घ्यावा की स्वतःच चालत फिरावं?

स्वतः फिरा. गाइड जुन्या शहरात कामाला येतो. तुम्हाला हव्या त्या रंगीत, नक्षीदार इमारतींपैकी बहुतेक जुन्या शहराबाहेर आहेत. १८५७ ते १८६३ या काळात तटबंदी पाडली गेली, तिच्या जागी बाग आणि रुंद रस्ते आले, आणि त्यापलीकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भाड्याने द्यायच्या बहुमजली इमारती भराभर उठल्या. शहराच्या मध्यभागातल्या साधारण एक तृतीयांश इमारती या शैलीच्या आहेत, म्हणून एका दिवसात 'सगळं' पाहायचा विचारच सोडा.

सुरुवात जुन्या शहरातल्या स्मिल्शू रस्त्यावरून करा. क्र. २ (१९०२, वास्तुकार पेक्शेन्स) आणि क्र. ८. दहा मिनिटं पुरे. मग कालव्याकाठची बाग ओलांडून एलिझाबेतेस रस्त्यावर १०ब गाठा. निळ्या-पांढऱ्या भिंती, माथ्यावर लांबट चेहऱ्यांचे प्रचंड मुखवटे. इथून अँतोनियास रस्त्याने अल्बेर्ता रस्त्यावर वळा.

अल्बेर्ता रस्ता जेमतेम एका गल्लीएवढा आहे आणि घाई इथेच नडते. टूरवाले बसमधून उतरवून वीस मिनिटांत परत बोलावतात, लोक तळमजल्याचे दरवाजे टिपून निघून जातात. उलटं करा. ज्या घराकडे पाहायचं त्याच्या समोरच्या फुटपाथवर उभे राहा आणि छपरापासून खाली या. क्र. २अ (१९०६) चा सगळ्यात वरचा मजला खोटा आहे: तिथल्या खिडक्यांमागे खोली नाही, आरपार आकाश दिसतं. भिंतीला चिकटून पाहणाऱ्याला हे कळतच नाही. क्र. ४ (१९०४) वर किंचाळणाऱ्या मेदुसा (ग्रीक पुराणातली केसांच्या जागी साप असलेली स्त्री) आहेत, त्याही माथ्यावर. छोटी ८ पटीची दुर्बीण असेल तर घ्या. फोनचा वाइड कॅमेरा जवळून वापरला की उभ्या भिंती आत झुकतात; मागे सरका आणि झूम करा.

ढगाळ, सपाट उजेडात प्लास्टरचे उठाव मरतात. ऊन तिरपं हवं, म्हणजे सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवूनही येता येतं. एका बाजूवर ऊन असलं की समोरची बाजू सावलीत, तेव्हा दोन्ही वेळा यावं लागेल.

२, २अ, ४, ६, ८ आणि १३ ही घरं मिखाईल आयझेनश्टाइनची, म्हणजे चित्रपट दिग्दर्शक सर्गेईच्या वडिलांची. मुळात ते सिव्हिल इंजिनिअर. आता माझं स्पष्ट मत. ती घरं म्हणजे विटांच्या साध्या इमारतीवर चढवलेला वर्ख. पाहायला मजा येते, पण सगळे फोटो त्यांचेच काढून रीगा पाहिली म्हणणं चुकीचं. यावरून माझा एका मित्राशी जुना वाद आहे. त्याच रस्त्यावरचं क्र. ११ (१९०८, वास्तुकार एइझेन्स लाउबे) त्याला 'काळपट, उदास' वाटतं. अरे बाबा, तेच तर पाहायचं! १९०५ च्या सुमारास लाटव्हियन वास्तुकारांनी बाहेरून आणलेले मुखवटे नाकारले आणि उतरती छपरं, स्थानिक दगड, लाकूड आणि लोककलेतली नक्षी घेतली. क्र. १३ समोर पाच मिनिटं उभे राहा, मग ११ समोर. फरक दिसला नाही तर मी हरलो. ही शैली आणखी पाहायची तर तेर्बातास १५/१७ (१९०५, पेक्शेन्स आणि लाउबे) आणि ब्रीवीबास ४७ (१९०८, लाउबे). दोन्ही मध्यभागीच आहेत, चालत सहज होतात. मित्र तिथे आलाच नाही.

अल्बेर्ता १२ हे पेक्शेन्सचं स्वतःचं घर (१९०३), तिथेच आर्ट नुव्हो संग्रहालय आहे. आत जायचं दार स्ट्रेलनिएकू रस्त्यावर आहे. लोक अल्बेर्ताच्या बाजूला दार शोधत बसतात. संग्रहालय पाहायचं नसलं तरी गोल जिना खालून वर बघा, छतापर्यंत रंगकाम आहे. कोपऱ्यावरच स्ट्रेलनिएकू ४अ (१९०५), पुन्हा आयझेनश्टाइन, पुन्हा निळं.

बाकी घरांत लोक राहतात किंवा कचेऱ्या आहेत, दारांना कोड असतो. कुणाच्या मागे मागे आत शिरू नका.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: सोमवार असेल तर संग्रहालय उघडं आहे का ते तपासून निघा. डिसेंबरात जात असाल तर वरचं सगळं वेळापत्रक विसरा, उजेड जेमतेम सात तास असतो. तेव्हा स्मिल्शू सोडून थेट अल्बेर्ता गाठा. जुन्या शहरातले दगडी रस्ते पावसात निसरडे होतात, सपाट गुळगुळीत तळव्यांचे बूट नकोत. आईवडील सोबत असतील आणि इतकं चालणं झेपणार नसेल, तर एलिझाबेतेस १०ब पर्यंत टॅक्सीने या. तिथून अल्बेर्ता आणि स्ट्रेलनिएकू एवढंच केलं तरी अर्धा दिवस सहज जातो, फक्त ११ नंबर गाळू नका.