जुने, अँटिक दागिने रोज घालता येतात का?

येतात, पण सगळे नाहीत. कानातले, पेंडंट, ब्रोच निर्धास्त घाला; अंगठी आणि बांगडी सतत कशावर तरी आपटतात, झीज तिथेच होते.

घालण्याआधी खड्याच्या पकडी तपासा. लोकरीचं कापड खड्यावरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर पकड उचललेली आहे. मग दागिना कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा. खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल आहे. साखळीची कडी एका बाजूने कागदासारखी पातळ झाली असेल तर आधी ती बदला.

पाण्याचं मात्र जपा. जुन्या, मागून बंद कोंदणात खड्यामागे चकचकीत वर्ख असतो. आत ओल गेली की तो काळवंडतो आणि खडा कायमचा मंद दिसतो. अशा दागिन्यांना, तसंच मोती, ओपल, पाचूला अल्ट्रासोनिक मशीन (द्रवात ध्वनिकंपनांनी दागिने साफ करणारं) नको. मोत्याची कठिणता 1 ते 10 च्या मोह्स मापावर साधारण 2.5 ते 4.5, म्हणजे तो सहज ओरखडतो; अत्तर, क्रीमनेही खराब होतो, त्यामुळे ते आधी आणि मोती शेवटी. रोज वापरातली माळ वर्षाकाठी, दोन मोत्यांमध्ये गाठ मारून, नव्याने ओवून घ्या.

चांदीवरचा नक्षीतला काळेपणा घासू नका. उठाव त्यानेच दिसतो.