टेबल टेनिसची बॅट १९६ ग्रॅमची झाली आहे, मनगट दुखते. हलके रबर कोणते घ्यावे?

तुमचे ब्लेड, म्हणजे बॅटची लाकडी फळी, ९० ग्रॅमचे आहे, दोन्ही बाजूंना कमाल जाडीचे रबर आहे, तासाभराच्या खेळानंतर मनगट दुखते आणि क्लबातले अनुभवी खेळाडू म्हणतात की रबर बदलण्यापेक्षा मनगट मजबूत करा. हे शेवटचे वाक्य वाचले नसते, तर मी उत्तर लिहायला बसलोच नसतो. सांगलीतल्या आमच्या हॉलमध्ये मी ते दोन वर्षे ऐकले आहे.

आमच्याकडे एक ज्येष्ठ खेळाडू आहेत, त्यांना सगळे दादा म्हणतात. जड बॅटमधूनच जड चेंडू निघतो, हलके रबर पोरांसाठी असते, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या सांगण्यावरून मी दोन्ही बाजूंना चिकट पृष्ठभागाचे, कडक स्पंजाचे (पृष्ठभागाखालचा थर) रबर लावले. पहिला महिना फोरहँडचा टॉपस्पिन (चेंडूला पुढे फिरकी देणारा फटका) खरोखरच सुधारला, ते नाकारत नाही. पण बॅकहँडला चेंडू आधी आणि बॅट नंतर पोहोचू लागली, आणि पुढे अंगठ्याच्या मुळाशी असे दुखू लागले की सकाळी चहाचा कप डाव्या हाताने उचलावा लागे. दादांनी डंबेल्स सुचवली. मी तीही केली आणि दुखणे वाढवून घेतले.

आमच्यासोबत खेळणाऱ्या एकाचे सराफ कट्ट्यावर दुकान आहे. एका दुपारी मी बॅट त्याच्या काट्यावर ठेवली, तर ती २००.६ ग्रॅम भरली. तिथेच दोन्ही रबर सोलून, स्वच्छ करून एकेक वजन केले: ब्लेड ८९, फोरहँडचे रबर ५३, बॅकहँडचे ५२, एज टेप (कडेची पट्टी) १.८. उरलेले ४.८ ग्रॅम ग्लू होता. दर वेळी जुना थर न काढता मी त्यावरच नवा लावत आलो होतो. अंगठ्याने रगडून काढला तेव्हा त्याची सुपारीएवढी गोळी झाली. सराफाने ती बोटांत फिरवली आणि एवढे सोने असते तर किती झाले असते, याचा हिशेब तोंडी करून दाखवला.

त्यानंतर मी त्याच ब्लेडवर बॅकहँडला झिओम वेगा युरोप २.० मिमी लावले, जे कापल्यावर ४३ ग्रॅम भरले. फोरहँडला ४७ ग्रॅमचे मध्यम रबर घेतले आणि ग्लूचा एकच पातळ थर दिला. बॅट १८२ ग्रॅमवर आली. दादा म्हणाले, एवढ्या फरकाने काय होते? म्हणून मी त्यांच्याच बॅटच्या वरच्या टोकाला, बॅकहँडच्या बाजूने, पाच रुपयांचे नाणे टेपने चिकटवले. त्याचे वजन साधारण ६ ग्रॅम असते. त्यांचे लागोपाठ तीन फ्लिक (मनगटाच्या झटक्याचे फटके) जाळ्यात गेले. चौथ्या चेंडूआधी त्यांनी नाणे उपटून काढले आणि ते डोळ्यांना खुपत होते, असे कारण दिले.

मुठीतला एक ग्रॅम आणि टोकाकडचा एक ग्रॅम सारखे नसतात. हात फिरवताना मनगटापासून जितके लांब, तितके ते वजन कित्येक पटींनी जाणवते, आणि रबराचे जवळजवळ सगळे वजन पुढेच असते. मुठीला शिशाची पट्टी लावून तोल साधावा, हा दादांचा दुसरा उपाय. त्याने तोल मागे येतो, पण दुखऱ्या हाताने पेलायचे एकूण वजन वाढते.

आता तुमचा प्रश्न. वजन मुख्यतः स्पंजात असते, म्हणून आधी बॅकहँडचे रबर बदला आणि कमाल जाडीऐवजी १.८ किंवा २.० मिमी घ्या. वेगा युरोप किंवा १९६९ पासून बाजारात असलेले यासाका मार्क व्ही पाहण्यासारखे आहे. शॉर्ट पिंपल (बाहेरून आखूड दाणे असलेले रबर) आणखी हलके पडते, पण त्यासाठी खेळच बदलावा लागतो. स्पंज कडक तितके रबर सहसा जड; मात्र बटरफ्लाय कंपनीचे ३६, जर्मन ४७ आणि चिनी ३९ हे कडकपणाचे आकडे वेगवेगळ्या मापांचे असल्याने त्यांची तुलना करू नका. दुकानदाराला रबराच्या न कापलेल्या पानाचे वजन विचारा. नेहमीच्या आकाराच्या ब्लेडवर त्याचा सुमारे दोनतृतीयांश भाग उरतो. एकाच नावाची दोन पाने दोन-तीन ग्रॅमने वेगळी निघतात, तेव्हा हलके मागून घ्यायला संकोच करू नका. नियमांत ग्लूसह ४ मिमी जाडीची मर्यादा आहे, वजनाची कोणतीही अट नाही. त्यामुळे जड बॅट म्हणजेच खरी बॅट, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. मऊ स्पंज जोरदार फटक्याला तळापर्यंत दाबला जातो आणि ब्लॉक, म्हणजे नुसता अडवून परतवलेला चेंडू, लांब जातो. समोर ताकदीचे खेळाडू असतील, तर हे महिनाभर सहन करावे लागेल. तुमचे ९० ग्रॅमचे ब्लेडही हलके नाही, त्यामुळे रबर बदलून १८० च्या आसपास पोहोचाल, त्याखाली नाही. खेळत नसतानाही दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. शिवाय रबर बदलले त्याच महिन्यात मी बॅट घट्ट आवळून धरायचेही सोडले होते. दादांच्या मते मनगट त्यानेच बरे झाले. मला तसे वाटत नाही. पण त्यांनी स्वतःची बॅट अजून एकदाही सराफाच्या काट्यावर ठेवू दिलेली नाही.