क्लाउडचा प्लॅन घेण्याआधी छाटणी करा

लॅपटॉपची डिस्क फोटोंनी भरली म्हणून लगेच क्लाउडचा मोठा प्लॅन घेऊ नका. आधी फोल्डर उघडून बघा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्यातला प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची. म्हणजे गूगलची फुकटची १५ जीबी पाचएकशे फोटोंतच संपते, त्यात जीमेलही वाटेकरी. एकाच पक्ष्याचे बर्स्टमधले, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेले, चाळीस फोटो असतील तर दोन-तीन ठेवा, बाकीचे बिनदिक्कत उडवा. (लग्नाचं काम असेल तर अल्बम हाती पडेपर्यंत थांबा, नेमका मावशीचा फोटो मागतात.)

आणि सिंक (लॅपटॉपवरचं आणि क्लाउडवरचं फोल्डर आपोआप सारखं ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक केलेल्या फोल्डरमधून फाइल उडवली की क्लाउडवरूनही जाते. ट्रॅशमध्ये राहते ती काही दिवसच. म्हणून दोन साध्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, एक घरी, दुसरी भावाकडे किंवा ऑफिसात. साठवणीला एसएसडीची, म्हणजे वेगवान पण महाग डिस्कची, चैन नको, ती एडिटिंगपुरती. क्लाउडवर फक्त निवडक रॉ आणि तयार जेपेग. सगळंच चढवायचं म्हटलं तर २० एमबीपीएसच्या अपलोडवर ५०० जीबीला ५५ तास लागतात. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड मात्र दोन्ही डिस्कवरच्या कॉपी उघडून पाहिल्यावरच फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातच.