हिशेब आधी, नाव नंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मुळाच्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा शंभरपट असूनही ते साध्या वाहिनीतून आत कसं शिरतं, आणि मग याला सक्रिय वहन, म्हणजे ऊर्जा खर्चून केलेलं वहन, का म्हणायचं नाही, यावर तू अडली आहेस. अडलीस ते योग्य जागी. नुसतं पाठ करणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही.

तू संहती, म्हणजे द्रावणातलं प्रमाण, पाहिलीस, विद्युतप्रभार पाहिला नाहीस. आयनावर दोन्हींची ओढ असते. पेशीपटलातला पंप एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, बाहेर टाकतो. त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण होते, बहुधा 120 ते 180 मिलिव्होल्टांनी. आता कागद घे. पोटॅशियमसारख्या एका धनप्रभाराच्या आयनासाठी दर 59 मिलिव्होल्टला संहतीतला दहापट फरक तोलला जातो, म्हणजे 118 ला शंभरपट. बाहेर 1 मिलिमोलर, आत 100 मिलिमोलर: इथे तोल साधतो. पटल याहून जास्त ऋण असलं, की पोटॅशियम आपणहून आत येतं. ऊर्जा खर्च झाली ती प्रोटॉनवर.

म्हणून म्हणते, हिशेब आधी, नाव नंतर.

बाहेरचं पोटॅशियम 10 मायक्रोमोलरवर, म्हणजे 0.01 मिलिमोलरवर, आलं तर? फरक दहा हजारपट, विभव, म्हणजे पटलाच्या दोन बाजूंतला विद्युतफरक, हवा 236 मिलिव्होल्ट. तेवढा सहसा नसतो. तिथे वाहिनीचं काही चालत नाही; प्रोटॉनच्या जोडीने पोटॅशियम आत आणणारं सहवाहक प्रथिन लागतं. मूळ तेच, आयन तोच, वहनाचा प्रकार मात्र बदलला. मग 'सक्रिय की निष्क्रिय' या तक्त्यात पोटॅशियमपुढे काय लिहिशील?

तो तक्ता मी वर्गात उतरवून घेऊ देत नाही. त्यावरून मला हेकट म्हणतात. अभ्यासक्रम मागे पडतो अशी तक्रारही वर गेली होती. पडू दे मागे! एक आयन मुळापासून कळला की सुक्रोजचं वहन मुलं स्वतः सोडवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खंत वाटते ती हुशार मुलांची. तक्ता पाठ करून ती पुढे गेली आणि या विषयातून त्यांचं मन उठलं ते उठलंच.

आणि कृपा करून प्राणीपेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप इथे आणू नकोस. फुलझाडांच्या पेशीत तो नाही. इथे सगळा कारभार प्रोटॉनवर चालतो. पेशीबाहेरचा सामू (pH; जितका कमी तितके प्रोटॉन जास्त) साधारण 5.5, पेशीद्रवाचा 7 च्या थोडा वर. बाहेर ढकललेला प्रोटॉन आत यायला बघत असतो, आणि येताना साखर, अमिनो आम्लं सोबत आणतो. हिशेब आधी, बाई. नाव काय, कोणीही सांगेल.

आता नायट्रेट घे. त्याचा प्रभार ऋण, पेशीही आतून ऋण. बाहेर 1 मिलिमोलर, आत 5, विभव 120 धर. एका नायट्रेटसोबत एकच प्रोटॉन आला तर विद्युतविभवाची काही मदत होते का, आणि दोन आले तर काय होतं, ते मांडून पाठव. पायऱ्या गाळू नकोस.

तुझी,
बाई